चालीतली मोकळी जागा

माझा मेहुणा चांगला माणूस आहे, हीच माझी मुख्य तक्रार आहे. वाईट असता तर त्याच्यावर जळायला मला काही निमित्त मिळालं असतं आणि चार लोकांनी माझी बाजू घेतली असती. पण तो आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चष्म्यांचे सैल झालेले स्क्रू हसतमुखाने आवळून देतो, कुणाची टिंगल करत नाही, आणि माझ्याशी तर इतकं प्रेमाने वागतो की अंगाचा तिळपापड होतो. बायकोकडे मन मोकळं करावं तर ती पडली त्याची धाकटी बहीण. म्हणजे घरातही माझ्या बाजूने एक मत पडत नाही.

त्याला सगळे भुंगा म्हणतात आणि मला खिळा. ही नावं आमची आम्हीच घेतली होती, विशी-बाविशीत, कारण त्या काळी डेमो करणारा कुणी खऱ्या नावाने वावरत नसे. डेमो म्हणजे काय हे मला दर वेळी नव्याने सांगावं लागतं, तसं इथेही सांगतो. तेव्हा टीव्हीला जोडायचे छोटे घरगुती कॉम्प्युटर असायचे. अख्खं यंत्र कीबोर्डाच्या पोटातच. त्याची मेमरी एवढीशी की आज फोनवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत बसेल असा प्रोग्राम लिहायचा. चालू केला की पडद्यावर चित्रं फिरतात, अक्षरं नाचतात, मागे संगीत वाजतं, आणि पाच मिनिटांत सगळं आटोपतं. त्याच्यावर खेळता येत नाही की पत्र टाइप करता येत नाही. उपयोग शून्य. यंत्राला जे जमणार नाही असं सगळे म्हणतात ते त्याच्याकडून करून घ्यायचं, एवढाच त्यातला माज.

आमच्या डेमोचं नाव 'बिनबुडाचं आकाश'. प्रोग्राम माझा, संगीत भुंग्याचं. शेवटी एकशे वीस तारे पडद्यावरून वाहत जायचे, प्रत्येकाची उंची निराळी, वेग निराळा, आणि एकही अडखळत नसे. आमच्या ओळखीत त्या यंत्रावर इतके तारे कुणी हलवले नव्हते. त्यासाठी मी सात महिने घासली. भुंग्याने चाल तीन आठवड्यांत केली.

आणि बत्तीस वर्षांनी लोकांना काय आठवतं? चाल.

माझ्या लग्नात लोक माझा हात सोडून त्याचा हात हलवत होते, 'काय चाल केलीस रे' म्हणून. कुणीतरी ती मोबाइलची रिंगटोन केली. मी लिफ्ट दुरुस्त करतो, तीस वर्षं तेच करतोय. एकदा एका इमारतीत मी लिफ्टच्या डोक्यावर बसून दोर तपासत होतो, तेलाने माखलेला, आणि खाली आत अडकलेला एक गृहस्थ निवांत शीळ घालत होता. तीच चाल. मी वरून विचारलं, "काय वाजवताय हो?" तो म्हणाला, "एका जुन्या कॉम्प्युटरवरची धून आहे. तुम्हाला नाही कळायची." मी त्याला आणखी वीस मिनिटं आत ठेवला. बिघाड तेव्हा दुरुस्त झालेला होता.

तर असा मी. आता जे केलं ते सांगतो.

आमच्याकडे जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचं एक मंडळ आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली मिळाली आहे, तिथे वर्षातून एका रविवारी सकाळी गाजलेले जुने डेमो दाखवतात. नियम कडक आहे: यंत्र खरं, डिस्क खरी, टीव्हीही जुना काचेच्या नळीचा. आजच्या लॅपटॉपवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम मिळतात, पण तसली नक्कल कुणी आणली तर त्याला दारातून परत पाठवतात. ही म्हातारी यंत्रं जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे. फुगलेले कपॅसिटर बदल, चिपांचे गंजलेले पाय घास, डिस्क ड्राइव्हचं हेड स्पिरिटने पूस. यंत्र चाललं की कुणी माझ्याकडे बघत नाही. बंद पडलं की सगळे बघतात. लिफ्टचंही तसंच असतं, त्यामुळे सवय आहे.

आमच्या डेमोची मूळ डिस्क बुरशी लागून माळ्यावर पडली होती. तिच्यावरची बुरशी मी कापसाच्या बोळ्याने दोन महिने पुसत होतो. ती वाचली, तेव्हा मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाचा शेवटचा मान 'बिनबुडाचं आकाश'ला दिला. बाई निवृत्त ग्रंथपाल आहेत, फोनवरही दबक्या आवाजात बोलतात.

"तुमचा डेमो सुरू व्हायच्या आधी एक छोटं भाषण ठेवलंय," त्या म्हणाल्या. "संगीताच्या प्राध्यापक आहेत एक. त्यांनी या धुनेवर लेख लिहिलाय."

"आणि प्रोग्रामवर?"

"प्रोग्रामवर काय?"

"प्रोग्रामवर कोण बोलणार?"

"अहो, तुम्ही आहातच की तिथे," बाई म्हणाल्या. "काही बिघडलं तर."

तो लेख त्यांनी मला पाठवूनही दिला. प्राध्यापकबाईंनी लिहिलं होतं की या यंत्रात एका वेळी तीन आवाज वाजवायची सोय आहे, पण संगीतकार दोनच आवाज वापरतो आणि तिसऱ्याची जागा मोकळी ठेवतो; त्या मोकळ्या जागेतच या चालीचं मोठेपण आहे; असा संयम फार थोड्यांना साधतो. मी तो परिच्छेद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, जमेल तितक्या कुत्सित आवाजात.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दादा पहिल्यापासून कमीच बोलतो."

"मी काय जास्त बोलतो?"

"आता तूच बघ," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

रागाच्या भरात माणूस वाचतो तेव्हा अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. माझं तसंच झालं. मी लॅपटॉप उघडला आणि तीच ती नक्कल, जी मंडळात चालत नाही, तिच्यावर आपला डेमो लावला. आवाज शून्यावर केला. आणि कितीतरी वर्षांनी मी माझं काम पाहिलं. मध्ये भुंग्याची भुणभुण नाही, काही नाही. नुसते तारे, शांतपणे वाहत चाललेले. इतके सुंदर होते की मी डेमो पुन्हा पहिल्यापासून लावला. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, लोकांनी हे असं बघावं. एकाने तरी म्हणावं की प्रोग्राम काय लिहिलाय. बत्तीस वर्षांत एवढं एक वाक्य मला कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि त्या वाक्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

टीव्हीचा आवाज बंद करून भागणार नव्हतं. कुणीतरी शहाणा उठून बटण फिरवणारच. आवाज मेलाच पाहिजे होता. त्या यंत्रात संगीताची एक वेगळी चिप असते, अठ्ठावीस पायांची, एका खोबणीत बसवलेली. चपटा स्क्रू ड्रायव्हर खाली सारला की दहा सेकंदांत वर येते. ती नसली तरी यंत्र सुरू होतं, चित्र येतं, फक्त आवाज येत नाही. ती चिप आता कुठे तयार होत नाही आणि मंडळाकडे जादा एकही नाही. 'चिप गेली' असं मी म्हटलं की ती गेली. डॉक्टरच्या शब्दावर जसा कुणी वाद घालत नाही, तसा माझ्या शब्दावर त्या खोलीत कुणी घालत नाही.

रविवारी अकरा वाजता खोली भरली. साठ-सत्तर खुर्च्या, खिडक्यांवर जाड पडदे. बायको दुसऱ्या रांगेत, तिच्या शेजारी भुंगा, नवा शर्ट घालून. आधीचे दोन डेमो बिनबोभाट पार पडले. मग चहासाठी सुट्टी झाली आणि सगळे दाराबाहेरच्या टेबलाकडे गेले. मी आमच्या यंत्राचं झाकण काढलं, वरवर धूळ झटकली आणि चिप उपसून काळ्या स्पंजच्या तुकड्यात टोचली. तो तुकडा शर्टाच्या खिशात घातला. झाकण लावतो तोच मागून आवाज आला.

"घे, चहा. गार होईल."

भुंगा दोन कप घेऊन उभा होता. चोराच्या मनात चांदणं; माझा हात आपोआप खिशावर गेला.

"दचकलास का रे?," तो म्हणाला.

"वय झालं."

"मला रात्री झोप नाही आली, खरं सांगतो," तो म्हणाला. "खऱ्या यंत्रावर पुन्हा तारे बघायचे. आपण केलं होतं ना रे हे! आता वाटतं, कसं केलं असेल."

'आपण' म्हणाला. तारेसुद्धा 'आपण'. मी चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

प्राध्यापकबाई बोलल्या. दहा मिनिटं म्हणून वीस मिनिटं बोलल्या. मोकळी जागा, संयम, न वाजवलेला सूर. लोक माना डोलवत होते आणि भुंगा मान खाली घालून बसला होता. विनय! मला त्याच्या विनयाचाही राग आला. मग चिटणीसबाईंनी मला खूण केली, मी डिस्क सरकवली आणि ड्राइव्ह खडखडायला लागला. दोन मिनिटं सगळे त्या खडखडाटाकडे कान लावून बसले.

पडदा उजळला. नाव आलं. आणि शांतता.

"आवाज?" चिटणीसबाई कुजबुजल्या.

मी कीबोर्डावर वाकलो, दोन वायरी हलवल्यासारखं केलं. "साउंड चिप गेलेली दिसते," मी म्हणालो. "जुनी यंत्रं आहेत, कधी दगा देतील सांगता येत नाही. पण चित्र ठीक आहे. चित्र तर बघा."

खोलीत 'अरेरे' उमटलं. प्राध्यापकबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण कुणी उठलं नाही. अक्षरं लाटेसारखी गेली, मग एक फिरणारा ठोकळा आला, सहाही बाजूंना वेगळी नक्षी असलेला. आणि पुढच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "अरे वा! एवढ्याशा यंत्रावर हे कसं काय केलं असेल?"

मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. मनात म्हटलं, थांब टकल्या, अजून तारे यायचेत.

तारे आले.

एका ओळीत आले. सगळे एकाच उंचीवर, एकाच वेगाने, एकामागे एक. भिंतीवरून मुंग्या चालाव्यात तसे एकशे वीस ठिपके डावीकडून उजवीकडे निघाले होते आणि बाकीचा पडदा काळाठिक्कर होता. आधी कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हेच का ते आकाश?" आणि खोलीत हसू पिकलं. टकल्या शेजाऱ्याला समजावत होता, "त्या काळी एवढंच जमत असणार."

मला मात्र पाचव्या-सहाव्या ठिपक्यालाच कळलं होतं. त्या यंत्राला मनाने आकडा काढता येत नाही. फासे टाकावेत तसा अवचित आकडा हवा असेल तर तो कुठूनतरी आणावा लागतो. आणि मी तो आणला होता संगीताच्या चिपमधून. तिच्या तिसऱ्या आवाजाला नुसती खरखर करायला लावायची, ती खरखर बाहेर ऐकू येऊ द्यायची नाही, आणि आतल्या आत तिच्यातून आकडे उचलत राहायचे. जन्माला येणारा प्रत्येक तारा तिसऱ्या आवाजाला विचारायचा: मी किती उंचावर? किती वेगात? आता चिप माझ्या खिशात होती. विचारणाऱ्या प्रत्येक ताऱ्याला एकच उत्तर मिळत होतं. घरी नकलेवर मी फक्त आवाज बंद केला होता, चिप तिथे जागच्या जागी होती. म्हणून तिथे सगळं सुंदर दिसलं. माझा प्रोग्राम आणि मीच विसरलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खोलीत हे समजणारा आणखी एकच माणूस होता. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. भुंगा पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग तो उठला.

"दोन मिनिटं थांबा हं," तो सगळ्यांना म्हणाला. "चिप गेलेली नसावी. खोबणीत सैल झाली असेल. खिळा बघेल आता." आणि टेबलापाशी येऊन लोकांकडे पाठ करून माझ्यासमोर असा उभा राहिला की कुणाला माझे हात दिसू नयेत.

"कुठे आहे?" तो हळूच म्हणाला.

"खिशात."

"काढ."

मी काढली. अठ्ठावीस पाय खोबणीत बसवताना घाईघाईत माझ्याकडून दोन पाय वाकले; ते त्याने चष्मा दुरुस्त करतो तसे नखाने सरळ केले. झाकण लावलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, पुन्हा ती दोन मिनिटांची खडखड. आणि मग चाल सुरू झाली. कशी वाजली ते मी सांगणार नाही, सांगणारे पुष्कळ आहेत. शेवटी तारे पसरले, वर, खाली, सावकाश, भरभर, सगळीकडे. टाळ्या थांबेनात.

टाळ्या संपल्यावर सगळे भुंग्याभोवती जमले. टकल्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बरं झालं हो, तुम्ही चिप वेळेवर घट्ट केलीत." प्राध्यापकबाई भुंग्याला विचारत होत्या, हा संयम तुमच्याकडे आला कुठून? मी कान टवकारले. आता हा सांगणार तिसरा आवाज कुठे गेला ते, मला वाटलं. तो नुसता हसला. "सुचलं तसं केलं," म्हणाला.

तासाभराने खोली रिकामी झाली. बायको खाली चिटणीसबाईंशी बोलत थांबली होती. मी टीव्हीच्या वायरी गुंडाळत होतो आणि भुंगा, कुणी सांगितलेलं नसताना, खुर्च्या भिंतीला लावून मला मदत करत होता. शेवटची खुर्ची लावून तो तिच्यावरच बसला.

"का केलंस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुझ्यावर जळतो म्हणून," मी म्हणालो. "बत्तीस वर्षं जळतोय. सगळ्यांना तुझी चाल आठवते. माझं काम एकदा तरी नुसतं बघावं कुणीतरी, म्हणून केलं."

"मग मला सांगायचंस ना," तो म्हणाला. "मीच उठून म्हटलं असतं, आज आवाज बंद ठेवा. त्यात काय?"

बघा. असा आहे हा माणूस. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"चाल मी मुळात तीन आवाजांत केली होती," तो पुढे म्हणाला. "तुला आठवतं का? तुझ्या खोलीवर येऊन ऐकवली होती."

आठवत नव्हतं. त्या दुपारपर्यंत नव्हतं. पण ठिपक्यांची ती रांग पाहिल्यापासून एकेक वर येत होतं. माझी ती अरुंद खोली, पलंगावर पसरलेले कागद, आणि दारात डिस्क घेऊन आलेला भुंगा, आनंदाने तोंड लाल झालेला. त्याने चाल वाजवली. मी म्हणालो, तिसरा आवाज मला लागेल, ताऱ्यांसाठी. त्याने विचारलं, दुसरा काही मार्ग नाही? मी म्हणालो, नाही. तो डिस्क घेऊन घरी गेला आणि दोन दिवसांनी दोन आवाजांची चाल घेऊन आला.

"तिसरा काढल्यावर जागोजागी खड्डे पडले," भुंगा हसत म्हणाला. "ते दिसू नयेत म्हणून बाकीच्या दोघांना हळू केलं. आता बाई त्याला संयम म्हणतात! मला तर अजून ऐकताना पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं होतं. पण असू दे रे. आज ते ठिपके बघितले आणि वाटलं, बरं झालं दिला. त्याच्याशिवाय तारे झालेच नसते. दुसरा मार्गच नव्हता."

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं गोडीत संपलं असतं. तो क्षमा करून मोकळा झाला होता, मला फक्त मान हलवायची होती. पण तो खुर्चीवर बसून, माझ्यासाठी दिलेलं ते सगळं असं सहज सोडून देत होता, आणि मला ते बघवेना. त्याच्याकडे चाल होती, नाव होतं, वर हा मोठेपणाही होता. खरं बोलण्याचं श्रेय मी घेणार नाही. मी खरं बोललो तेही मत्सरापोटीच.

"होता," मी म्हणालो.

"काय?"

"दुसरा मार्ग होता. दोनशे छप्पन्न आकडे घरीच फासे टाकून काढायचे आणि मेमरीत एका तक्त्यात भरून ठेवायचे. ताऱ्याने तिथून उचलायचे. कुणाला फरक कळला नसता."

"तेवढी जागा नव्हती ना पण."

"जागा होती. सुरुवातीला माझं नाव मोठ्या अक्षरात येतं ना, सावलीसकट? ती सावली तेवढ्याच जागेत बसली आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला काय करावं ते कळत नसल्यासारखं तिथेच राहिलं.

"मग का मागितलास तिसरा?"

"तू वाजवायला सुरुवात केलीस आणि मला अर्ध्या मिनिटात कळलं," मी म्हणालो, "की ही अशी वाजली तर माझ्या ताऱ्यांकडे कुणी बघणार नाही."

खालून बायकोची हाक आली. भुंगा खूप वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. तो ओरडेल, निदान शिवी तरी देईल, याची मी वाट बघत होतो. ती मला हवी होती. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भलतीच आशा होती.

"म्हणजे तू ती ऐकलीस," तो म्हणाला. "तिन्ही आवाजांत. आपल्या दोघांशिवाय कुणीच ऐकलेली नाही ती. माझ्याकडे डिस्क एकच होती, त्यावरची पुसून नवी भरली. पाच-सहा वर्षं डोक्यात होता तिसरा आवाज, मग गेला. मी म्हणायचो, असू दे, खिळ्याला आठवत असेल, विचारू कधीतरी. कसा होता रे? नुसता गुणगुणून दाखव. वेडावाकडा चालेल."

मी तोंड उघडलं. काहीतरी आठवावं म्हणून मी खरंच जिवाचा आटापिटा केला. खोली आठवली, पलंग आठवला, त्याचे गुडघ्यावर ताल धरणारे हात आठवले. कानात काही नव्हतं.

"ते पहिलं अर्धं मिनिट झाल्यावर मी ऐकलंच नाही," मी म्हणालो. "मेमरी मोजत बसलो होतो."

त्याने एकदा मान हलवली. मग खुर्ची ओढून तो यंत्रासमोर बसला, पण त्याने ते चालू केलं नाही. हात मांडीवर ठेवून चाल गुणगुणायला लागला. एका ठिकाणापर्यंत यायचा, थांबायचा, ओठ हलवून बघायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला जिना उतरून जावंसं वाटलं आणि जाता येईना. मी वायरीचं भेंडोळं छातीशी धरून दाराशी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकत होतो.